तुम्ही विचारलंत म्हणून: पेला अर्धाच का?

"बाई, शिष्टाचाराची एवढी पुस्तकं घरात, आणि पाहुण्याला पाणी अर्धा पेला?" कुणी हसत विचारतं, कुणी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारतं. माझी एक जुनी विद्यार्थिनी तर वहीचा दाखला देऊन म्हणाली, "तुम्हीच पाऊण भरायला शिकवलं होतं." तिची वही खरी आहे. मी तसंच शिकवलं होतं. आता एकदाचं लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी विचारणाऱ्याला हेच वाचायला देता येईल.

आधी पुस्तकांचं, कारण टोमणा तिथूनच सुरू होतो. मी ज्युनिअर कॉलेजात होम सायन्स शिकवायचे. प्रात्यक्षिकात मेजाची मांडणी असायची. कॉलेजकडे काट्या-चमच्यांचा एकच संच होता, बाकीच्या मुलींना मी पुठ्ठ्याचे काटे कापून द्यायचे. त्यातल्या बहुतेकींच्या घरी टेबल नव्हतं. त्या रात्री जमिनीवर बसून भाकरी खायच्या आणि दुपारी माझ्यासमोर पुठ्ठ्याची सुरी उजवीकडे ठेवायच्या, धार ताटाकडे. पेला सुरीच्या टोकाच्या वर. गुण त्याचेच होते.

पुस्तकं मी जुन्या बाजारातून जमवली, पुष्कळशी हैदराबादला आबिड्सच्या रविवारच्या फुटपाथवरून. शिकवण्यासाठी लागतात असं सगळ्यांना सांगायचे. ते अर्धंच खरं होतं. पुण्यामुंबईच्या बाईसमोर आपला हात कुठं अडखळायला नको, ही धास्ती होती. तिकडच्या एका शिबिरात मी सहज "जेवायलाव का?" असं विचारलं आणि टेबलावरच्या तिघी एकमेकींकडे बघून हसल्या. तिथं वाटलं, बोलीचं काही करता येणार नाही, पण काट्याचं येईल. काट्याचा नियम छापलेला असतो. पैसे टाकले की तो लातूरच्या बाईलाही मिळतो.

आणि ही पुस्तकं मला आवडतात, हेही सांगून टाकते. त्यांना साहेबी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ती वाचलेली नसतात. मिसेस बीटनचा गृहव्यवस्थापनाचा ग्रंथ १८६१चा. सुरुवातीलाच ती घरच्या मालकिणीला सैन्याच्या सेनापतीच्या जागी बसवते, आणि हे लिहिणारी बाई स्वतः जेमतेम पंचविशीची. १८६५ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी ती गेलीसुद्धा. अमेरिकेच्या एमिली पोस्टचं पुस्तक १९२२चं. त्यात घरोघरी बटलर आणि मोलकरणी असल्यासारखंच सगळं लिहिलेलं. मग १९२७च्या आवृत्तीत तिला एक नवी बाई घालावी लागली, मिसेस थ्री-इन-वन. स्वयंपाक तीच करते, वाढते तीच, आणि यजमानीण म्हणून हसतमुखाने बसतेही तीच. ती पानं वाचून मला हसू आवरेना. आमच्याकडे या बाईला वेगळं नाव द्यायची गरजच पडलेली नाही.

आपल्याकडे असं काही नव्हतं म्हणणाऱ्यांना मी जालन्याकडे बोट दाखवते. समर्थ रामदास आमच्या जांबचे. दासबोधातला मूर्खलक्षणांचा समास म्हणजे कसं वागू नये याची यादीच आहे. दोघं बोलत असताना तिसरा मध्ये जाऊन बसतो आणि दोन्ही हातांनी डोकं खाजवतो, तो एक मूर्ख. इंग्रजी पुस्तकातल्या कुठल्याही नियमाच्या शेजारी हे शोभून दिसेल, आणि जास्त लक्षात राहील.

पण मी ज्या नियमांच्या पुस्तकांवरून शिकवायचे, त्यांत पाणी कुठून येतं हे कुठंही नाही. पेला कुठं ठेवायचा ते आहे. पाहुणे बसायच्या आधी तो भरलेला असावा, हे आहे. बोटं बुडवायला लिंबाची चकती घातलेलं फिंगर बाऊल आहे. पाणी मात्र असतंच, हवा असते तसं.

२०१६चा उन्हाळा लातूरकरांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच: मांजरेवरचं धनेगावचं धरण आटलं होतं, मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणांभोवती १४४ कलम लागलं होतं, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. माणसं ती गाडी बघायला गेली होती.

त्याच महिन्यात माझ्या मुलीला बघायला पुण्याहून पाहुणे आले. आम्ही पावसाळ्यानंतर या म्हणत होतो, पण मुलाला सुट्टी तेवढीच होती. मी वीस लिटरचा जार आणवला, वेगळा, फक्त पाहुण्यांसाठी. कपाटातून काचेचे पेले काढले. वर्षानुवर्षं बंद होते. ते धुवायलाच दोन तांबे पाणी गेलं, आणि ते जाताना मी बघत होते. ट्रेमध्ये कापडी नॅपकिन, पेले पाऊण भरलेले, मुलीने डावीकडून फिरवलेले. सगळं पुस्तकातल्यासारखं. आमची तंगी त्या खोलीत कुठंही दिसत नव्हती आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

पाहुण्यांनी एकेक घोट घेतला आणि पेले खाली ठेवले. सगळ्यांनी. तहान नव्हती असं नाही. बाहेर चाळिशीच्या वरचं ऊन होतं आणि ती माणसं सकाळपासून गाडीत होती. लातूरची बातमी त्यांनी ऐकली होती. गाडीत त्यांचा बाटल्यांचा बॉक्स होता, तो आमचा अपमान नको म्हणून त्यांनी वर आणला नव्हता, हे नंतर कळलं. म्हणजे बघा. आमची अडचण दिसू नये म्हणून आम्ही भरून दिलं. आम्हाला अडचण नको म्हणून त्यांनी प्यायलं नाही. दोन्हीकडची माणसं अतिशय सभ्य वागली, आणि ट्रेभर चांगलं पाणी उष्टं झालं.

पोहे झाले, चहा झाला, बोलणी बरी चालली होती. मी ट्रे घेऊन आत आले आणि पेले बादलीत ओतायला लागले. तेवढ्यात मुलाची आत्या मागून आली. "काही मदत करू का?" पाहुणीने असं विचारावं, हेही पुस्तकात असतं. तिची नजर बादलीवर गेली. बादलीत आधीचं पाणी होतं, भाजी धुतलेलं, किंचित हिरवट.

"हे कशाला ठेवता?"

"झाडांना," मी म्हणाले.

खिडकीबाहेर गॅलरीतल्या कुंड्या तिला दिसत होत्या. त्यांत काही नव्हतं, वाळलेल्या मातीला भेगा होत्या. तिने कुंड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही, आणि "छान" म्हणून बाहेर गेली. ते "छान" मला अजून ऐकू येतं.

ते पाणी भांड्यांना गेलं, पहिल्या हाताला. दुसरं पाणी वेगळं असायचं. त्या वर्षी गल्लीतलं प्रत्येक घर हेच करत होतं आणि मला त्याची लाज तेव्हा वाटली नाही, आजही वाटत नाही. झोंबलं ते झाडांचं. मुलींना पुठ्ठ्याचे काटे देऊन धीट करणारी बाई मी, आणि एका अनोळखी बाईसमोर नसलेल्या झाडांच्या मागे लपले.

चार दिवसांनी मध्यस्थांचा फोन आला. मुलगी छान आहे, शिक्षण छान आहे, पण त्यांच्याकडे उष्ट्या-खरकट्याचं जरा बघतात. नवरा म्हणाला, अहो, दुष्काळ आहे. मध्यस्थ म्हणाले, ते कळतंय हो त्यांना, ते समजूतदार आहेत, पण. वाक्य तिथंच राहिलं. आमच्या समजूतदार माणसांचं हे "पण" कुठल्याही पुस्तकात बसवता येणार नाही.

मला वाटलं, मुलगी रडेल. ती भांडली. "आई, अर्धेच भरायचे होते ना. पाहिजे त्याने मागून घेतलं असतं."

"म्हणजे लातूरची माणसं पाणीसुद्धा देत नाहीत म्हणून गावभर झालं असतं."

"होऊ दे की. नव्हतंच ना आपल्याकडे."

मी तिच्याशी दोन दिवस धड बोलले नाही. तिचं म्हणणं मला उद्धट वाटलं होतं. आपल्याकडे नाही हे पाहुण्याला दाखवायचं नसतं, हे मला कुठल्या इंग्रजी पुस्तकाने शिकवलं नव्हतं. ते माझ्या आईने शिकवलं होतं, उसनी साखर मागच्या दाराने आणून. पण पुढच्या वेळी दारात कुणी आलं तेव्हा माझा हात अर्ध्यावर थांबला, आणि तेव्हापासून तो तिथंच थांबतो.

आता तुमचं उत्तर. अर्धा पेला म्हणजे कमी दिलं, असं नाही. लागलं तर अजून आहे, आणि नको असलं तर तुम्हाला उरवून ठेवायचा संकोच नाही. वाइनचा पेला अर्ध्यापर्यंत, कधी त्याहूनही कमी भरतात. त्याला रुबाब म्हणतात, चिक्कूपणा कुणी म्हणत नाही. मग पाण्यानेच काय पाप केलंय?

हे उत्तर मला स्वतःला पुरतं का? नाही. कारण तुमचा दुसरा प्रश्न तयारच असतो: त्याच पावसाळ्यात धनेगाव भरलं, आता नळाला पाणी येतं, मग आता का? खरं सांगते, आता ती बचत राहिलेली नाही. थोडा हट्ट आहे. आणि थोडी परीक्षाही आहे, जी कुठल्याही यजमानिणीने घेऊ नये. अर्धा पेला समोर ठेवला की मी बघत असते, कोण मोकळेपणाने "अजून द्या" म्हणतं आणि कोण पेल्याकडे बघून माझी किंमत ठरवतं. ती वहीवाली विद्यार्थिनी म्हणाली, बाई, हे तर तुम्ही मूर्खलक्षणांत घातलं असतं. घातलं असतं.

माझ्या सासूबाई औशाकडच्या. त्यांनी बहात्तरचा दुष्काळ बघितलाय. त्यांचं माझ्याशी या बाबतीत कधीच पटलेलं नाही. "बहात्तरला अन्न नव्हतं, पर हिरीला पाणी होतं," त्या सांगतात. "दारात आलेल्याला भाकरी द्यायला नव्हती, म्हणून तांब्या तरी काठोकाठ द्यायचो. तुझं उलटंच हाय. डबे भरलेले, अन् पाणी मोजून देतीस." मी म्हणते, ज्याला पाहिजे तो मागेल. त्या म्हणतात, "मागावं लागलं तर ते घर कशाचं?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी एमिली पोस्ट काढून बघितली, तिच्याकडेही नाही. तिच्या घरात मागायची वेळच येत नसावी.

मध्यंतरी नवऱ्याने तोडगा काढला: भरलेला जग आणि रिकामे पेले टीपॉयवर ठेवायचे, ज्याने त्याने लागेल तेवढं घ्यावं. पुस्तकातही अशी मांडणी असते. मला पटलं. मग त्यांच्या ऑफिसातले एक निवृत्त सहकारी आले, तासभर बसले, मुलांचं, पेन्शनचं, गुडघ्यांचं बोलले. निघताना दारात चपला घालून झाल्यावर म्हणाले, "वहिनी, घोटभर पाणी मिळेल का?"

"अहो, जग समोरच होता की!"

"होता ना. पण तुम्ही दिल्याशिवाय हात कसा लावायचा?"

तेव्हा जग बंद झाला. सध्या अर्धा पेला देते आणि तांब्या जवळ ठेवते. तांब्याला कुणी हात लावत नाही, म्हणून बोलता बोलता माझं लक्ष पेल्याकडे असतं, आणि तो रिकामा झाला की मी उठते. सासूबाई आतून बघत असतात. म्हणतात, पहिल्यांदाच भरून दिला असतास तर एकदाच उठावं लागलं असतं.