सिमेंटच्या रिंगणावरून बर्फावर

आइस डान्स, म्हणजे बर्फावर स्केट्स घालून जोडीने करायचा नाच, करायचा हे ठरलं तेव्हा मी धुळ्यात रोलर स्केट्सवर सोलो डान्स करत होते. मे महिन्यात सिमेंटचं रिंगण सकाळीच तापतं, म्हणून सराव उजाडता उजाडता उरकायचा. ताल, ताठ पाठ, हातांची ठेवण, सगळं तिथेच अंगात मुरलं. आजी मात्र विचारायची, "बरफवर कशी नाचशी व माय?"

गुरुग्रामच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या रिंगणावर, सरांनी एक वळण घ्यायला लावलं आणि म्हणाले, आता मागे बर्फावर बघ. दोन समांतर रेघा उमटल्या होत्या. ब्लेडच्या तळाला मधोमध पन्हाळीसारखी खाच असते, तिच्या दोन्ही बाजूंना दोन कडा: आतली आणि बाहेरची. पाय सपाट पडला की दोन रेघा, नीट कडेवर झुकला की एकच. पुढे कित्येक महिने मी प्रत्येक वळणानंतर थांबून रेघा बघत राहिले. त्यात आइस डान्सचं ब्लेड टाचेकडे आखूड, जोडीदाराच्या पायात अडकू नये म्हणून. तोल जरा मागे गेला की माणूस पाठीवर.

आइस डान्समध्ये मोठ्या उड्या नाहीत, जोडीदाराला फेकणं नाही, हात सरळ करून डोक्यावर उचलणंही नाही. म्हणून तो सोपा वाटतो. पण ट्विझल घ्या: एका पायावर गिरक्या घेत पुढे सरकायचं, तेही दोघांनी एकाच वेगात, एकमेकांजवळ राहून. एकाची गिरकी कणभर लांबली तरी लगेच दिसतं.

ऑलिम्पिकमध्ये 1976 पासून हा प्रकार आहे, आणि तो जोडीचाच. माझा जोडीदार जळगावचा, तोही रोलरवालाच. आई त्याच्या घरी जाऊन बोलून आली आणि तो विषय मिटला. आप्पांचं मन वळवायला वेळ लागला. त्यांना मी 2010 च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमधला मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट या अमेरिकन जोडीचा हिंदी गाण्यांवरचा नाच दाखवला. तिथे या जोडीला रौप्य मिळालं, 2014 ला सोचीत सुवर्ण. आप्पांनी तो पुन्हा लावायला सांगितला.

देहरादूनची बंद पडलेली रिंक 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली, याचा आम्हाला केवढा आनंद झाला! सीनियर गटाचा फ्री डान्स, म्हणजे स्पर्धेतला आपल्या पसंतीच्या संगीतावरचा नाच, चार मिनिटांचा असतो. तेवढा दम आम्ही धुळ्यातच, रोलरवर कमावतो आहोत. इकडची मुलं विचारतात तेव्हा मी सांगते, महागडे बूट नंतर घ्या, आधी उंचीला आणि स्वभावाला जुळणारा जोडीदार शोधा.