तुम्ही विचारलंत म्हणून: प्लेटमध्ये अडला, मग केमिस्टकडे का नाही?

परळच्या लॅबमधून सुटून घरी पोचले की जिन्यात कुणीतरी अडवतंच. सोसायटीतल्या काकूंचा प्रश्न सगळ्यात नेमका: "पेपरात येतं, अमक्या औषधाने प्रयोगशाळेत व्हायरसला पेशीत शिरू दिलं नाही. मग ते आपल्या केमिस्टकडे का येत नाही गं?"

काकू, खरा कोरोना हाताळायला कडेकोट लॅब लागते. म्हणून आम्ही बहुतेक वेळा सूडोव्हायरस वापरतो. सांगाडा दुसऱ्याच व्हायरसचा, वर कोरोनाचा स्पाइक (पेशीला चिकटायला वापरतो ते काट्यासारखं प्रथिन), पोटात काजव्याच्या ल्युसिफरेज एन्झाइमचं जीन. त्याला स्वतःच्या प्रती काढता येत नाहीत. पेशीत शिरला तर मात्र पेशी उजळते. पेशी आम्ही प्लेटमध्ये, म्हणजे छोट्या ट्रेमध्ये वाढवतो. तिला ९६ खळगे असतात, पण कडेच्या ३६ मध्ये मी नुसतं पाणी भरते. कडेचं द्रव लवकर उडतं आणि आकडे बिघडतात. उरलेल्या ६० मध्ये खरं काम. औषध घातलेला खळगा अंधारा राहिला की आम्ही म्हणतो, 'हिट' मिळाली.

पण अंधारा का राहिला? व्हायरस अडला म्हणून, पेशीच मेली म्हणून, की औषधाने काजव्याचं एन्झाइमच बंद पाडलं म्हणून? (हळदीतलं कर्क्युमिन तर स्वतःच चमकतं, फ्लुरोसन्सवरच्या, म्हणजे प्रकाश टाकून चमक मोजणाऱ्या चाचण्यांना हमखास चकवतं.) माझ्या पहिल्या हिटची मी दिवसभर फुशारकी मारली. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर पेशी तळापासून सुटून, गोल होऊन तरंगत होत्या. सर एवढंच म्हणाले, "फिनाइल घातलं असतं तरी अडला असता."

त्याहून मोठी फसगत पेशीच्या निवडीत होते. २०२० सालचं क्लोरोक्विन आठवा. ते व्हेरो पेशींवर छान चाललं. या पेशी आफ्रिकन माकडाच्या मूत्रपिंडातल्या, १९६२ पासून जगभर वापरात. त्यांच्यावर टीएमपीआरएसएस२ हे एन्झाइम जवळजवळ नसतं, म्हणून कोरोना तिथे आडवाटेने जातो: आधी पेशी त्याला एका पिशवीत गिळते, पिशवीतलं आम्ल वाढतं, मग तो सुटतो. क्लोरोक्विन ते आम्ल कमी करतं, की वाट बंद. आपल्या फुफ्फुसाच्या पेशींवर मात्र ते एन्झाइम असतं. ते स्पाइकला दारातच कापतं आणि व्हायरस तिथूनच आत जातो. पिशवीची गरजच नाही. फुफ्फुसाच्या पेशींवर क्लोरोक्विन अडवत नाही, हे त्याच वर्षी जुलैत छापून आलं. त्याआधीच, जूनमध्ये, ब्रिटनच्या 'रिकव्हरी' नावाच्या रुग्णांवरच्या चाचणीत क्लोरोक्विनच्याच भावंडाचा, हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा, रुग्णांना फायदा दिसला नव्हता. माझ्या मावशीला संधिवातासाठी हीच गोळी रोज लागते. त्या एप्रिलमध्ये तिच्यासाठी आम्ही दादरपासून ठाण्यापर्यंत केमिस्टना फोन लावत होतो.

दार अडवून औषध होतच नाही, असं मात्र नाही हं. एचआयव्ही पेशीवरच्या ज्या सीसीआर५ रिसेप्टरला (आत शिरायच्या कडीला म्हणा) धरतो, तोच झाकणारं मॅराव्हिरॉक २००७ मध्ये बाजारात आलं.

सध्या माझ्याकडे दोन हिट आहेत. दोन्ही व्हेरोवरच्या. आता फुफ्फुसाच्या पेशी वाढवायच्या, आणि त्या कमालीच्या सावकाश वाढतात. गेल्या पावसाळ्यात इनक्युबेटरमध्ये बुरशी शिरली तेव्हा तीन आठवड्यांचं काम ब्लीचमध्ये बुडवावं लागलं होतं. आज पुन्हा सकाळपासून मुसळधार आहे.