पाचशे एमएमची लेन्स आणि बाबांचं भिंग

शेवटी घेतली एकदाची. पक्ष्यांच्या फोटोसाठी निकॉनची २००-५०० एमएम एफ ५.६ झूम लेन्स, सेकंडहँड, नाशिकमधल्या आडगावच्या एका मुलाकडून. आणि ज्यांना ज्यांना माहिती होतं की मी तीन वर्षं निकॉनच्याच महागड्या ५०० पीएफ लेन्ससाठी पैसे जमवतोय, दर दिवाळीचा बोनस बाजूला टाकतोय, त्या सगळ्यांचा एकच प्रश्न, अरे मग ती का नाही घेतली? फोनवर प्रत्येकाला सांगून होत नाही म्हणून इथे सविस्तर लिहितो.

ज्यांना हे आकडे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन्ही लेन्स ५०० एमएमपर्यंत जातात (एमएम जितके जास्त तितकं लांबचं मोठं दिसतं), दोन्ही एफ ५.६ (हा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते आणि प्रकाश जास्त येतो), फिल्टरसुद्धा दोघींना ९५ एमएमचाच लागतो. झूमवाली २०१५ ला आली तेव्हा अमेरिकेत साधारण १४०० डॉलरला होती, पीएफ २०१८ ला आली ती ३६०० डॉलरला. अडीच पट. आणि या अडीच पटीत लेन्सची पोच एक मिलिमीटर पण वाढत नाही, प्रकाश पण तेवढाच येतो. मग जास्तीचे पैसे जातात कुठे? हाच प्रश्न मला तीन वर्षं छळत होता, कारण नेटवर जे कोणी टेस्ट करतात ते फोटोचे कोपरे तीनशे टक्के मोठे करून दाखवतात आणि म्हणतात बघा किती फरक आहे, आणि खरंच असतो फरक.

मी सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे, बारा वर्षं झाली. आमच्याकडे नवीन ड्रॉइंग आलं की आधी टॉलरन्स बघायचा, म्हणजे मापात किती फरक चालेल ते. शंभर मायक्रॉन दिला असेल तर साध्या टर्निंगवर आरामात निघतो जॉब, वीस मागितले की ग्राइंडिंग आलं, दोन मागितले की लॅपिंग, म्हणजे आणखी बारीक घासणं, आणि मग एसीची खोली, आणि रिजेक्शन वेगळंच. भाव सरळ रेषेत वाढत नाही, शेवटच्या थोड्याशा सुधारणेसाठी सगळ्यात जास्त पैसे जातात. लेन्सची काच पण शेवटी घासूनच बनते ना, तिथेही हेच आहे. म्हणून आमच्याकडे कस्टमरला विचारायचं असतं की हा पार्ट बसणार कुठे आहे. मी रोज दुसऱ्यांना हे विचारतो, पण माझ्या स्वतःच्या फोटोला हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. माझे फोटो कुठे बसणार आहेत, किती मोठे छापले जाणार आहेत, कोण बघणार आहे.

याच्या उलट अनुभव आधी एकदा आलेला, तो पण सांगतो. माझ्याकडे ३५ एमएम एफ १.८ आहे, निकॉनचीच, डीएक्सवाली म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठीची, २०० ग्रॅमची छोटीशी. संध्याकाळी रामकुंडावर गोदा आरती असते तिथे कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सने फोटो काढायचो तेव्हा ३५ वर जास्तीत जास्त एफ ४.५ मिळायचं. ४.५ ला १.८ ने भागा, अडीच, त्याचा वर्ग सव्वासहा. म्हणजे त्याच अंधारात सहा पट प्रकाश. जो फोटो आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवली की दाणे येतात) ६४०० वर दाणेदार यायचा तो १००० वर स्वच्छ यायला लागला, दिव्यांच्या मागचं पाणी काळं आणि मऊ दिसायला लागलं. माझ्या सगळ्या सामानात सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त क्वालिटी देणारी वस्तू हीच. तेव्हा महाग म्हणजेच चांगलं असं काही नसतं हे मला माहिती होतं, पण पाचशे एमएमचं नाव निघालं की माणूस हे सगळं विसरतो.

तर जानेवारीत ठरवलं की दोन्ही लेन्स एकाच दिवशी एकाच जागी लावून बघायच्या. पीएफ एका पक्षीमित्राकडून दोन दिवसांसाठी मागून आणली, झूम लग्नाच्या फोटोग्राफर लोकांना सामान भाड्याने देणाऱ्या एकाकडून घेतली. बॉडी, म्हणजे कॅमेरा, माझी जुनी निकॉन डी७२००. आणि जागा अर्थातच नांदूर मध्यमेश्वर. नाशिकबाहेरच्या लोकांसाठी सांगतो, गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथला हा बंधारा, निफाड तालुक्यात, रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातली पहिली जागा ती. आम्ही पहाटे पाचला निघालो. निफाडची थंडी म्हणजे काय ते कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा पेपरात वाचणाऱ्यांना माहितीये, चापडगावला उतरलो तर बोटं शटरवर टेकवली तरी कळत नव्हती.

सात वाजता पाण्यावर धुकं, त्याच्या मागून राखी बगळे आणि चित्रबलाक दिसतायत, उजेड इतका कमी की १/५०० स्पीड धरला तर एफ ५.६ वर आयएसओ १६०० जातोय. आता इथे पीएफचे पैसे कुठे गेलेत ते कळतं. झूम लेन्स पूर्ण उघडी असताना थोडी मऊ आहे, वाईट नाही, मऊ, पिसांच्या कडा जरा लोण्यासारख्या. एफ ८ केलं की ती छान टोकदार होते पण मग एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश, गेला, आयएसओ ३२००, आणि जे टोकदारपणात कमावलं ते दाण्यात गेलं. पीएफ मात्र ५.६ लाच तयार असते. माझ्या मते महाग लेन्सची खरी व्याख्या हीच आहे, पूर्ण उघडी ठेवली तरी ती डगमगत नाही. एफ ८ वर भर उन्हात बहुतेक लेन्स एकमेकींच्या बहिणी असतात.

आणि वजन. झूम २३०० ग्रॅम, पीएफ १४६० ग्रॅम. वाचताना हा फरक नुसता आकडा वाटतो. पण डोक्यावरून मार्श हॅरियर, म्हणजे आपला दलदली भोवत्या, गवतावरून खाली खाली जात असतो आणि तुम्ही हातात धरून त्याच्या मागे फिरवताय तेव्हा ते ८४० ग्रॅम खांद्याला लगेच कळतात. उडत्या पक्ष्याचे माझे पीएफचे फोटो सरळ सरळ जास्त चांगले आले, हे कबूलच करायला पाहिजे. पीएफमध्ये फेज फ्रेनेल म्हणून एक भिंग आहे, त्यामुळेच ती एवढी आखूड आणि हलकी होते, पण त्याचीच दुसरी बाजू अशी की समोर जोरदार उजेड आला तर त्या उजेडाभोवती रंगीत वलयं पडू शकतात, आणि मला तर धुक्यातला समोरचा सूर्यच आवडतो. झूमचा अजून एक फायदा मला कोणी सांगितलाच नव्हता, ती २.२ मीटरवर फोकस करते, पीएफला ३ मीटर लागतात. काठावर चतुर बसलेले असतात ना, त्यांच्यासाठी हे ८० सेंटिमीटर फार मोठे आहेत.

मग साडेदहा अकराला गंमत झाली. ऊन वर आलं, पलीकडच्या काठाला जांभळ्या पाणकोंबड्यांचा घोळका होता, साधारण ८० मीटर, उजेड भरपूर, ट्रायपॉड लावला, १/२००० चा स्पीड, आणि दोन्ही लेन्सचे फोटो सारखेच खराब. एक पण नीट नाही. मी परत परत फोकस तपासतोय, मला वाटलं बॉडीतच काहीतरी झालं. आमच्या बरोबर गावातला गाईड मुलगा होता तो म्हणाला, "दादा, लेन्सचं राहू द्या, अकरा वाजले की इथं सगळंच हलतं, आम्हाला दुर्बिणीतून पण हलताना दिसतं." बरोबर होतं त्याचं. जमीन तापते, पाणी गार असतं, मधली हवा कुठे गरम कुठे थंड, आणि प्रकाश त्यातून वाकडातिकडा होऊन येतो. त्या हवेपुढे १४०० ची काच आणि ३६०० ची काच सारखीच. मी तीन वर्षं ज्याच्यासाठी पैसे साठवत होतो तो टोकदारपणा माझ्या लेन्सच्या पुढच्या काचेपर्यंत पोचतच नव्हता.

घरी आल्यावर मी गणित मांडलं, सवयच आहे. पाणकोंबडी साधारण ४५ सेंटिमीटरची. ५०० एमएमने ८० मीटरवरून काढली तर सेन्सरवर तिची लांबी २.८ मिलिमीटर पडते. सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर रुंद, त्यात ६००० पिक्सेल, म्हणजे पक्ष्याच्या वाट्याला आले सातशे. तीच पाणकोंबडी ४० मीटरवर असेल तर चौदाशे, आणि क्षेत्रफळ धरलं तर चार पट. कुठल्याच कंपनीची कुठलीच ५०० एमएमची लेन्स चार पट सुधारणा विकत नाही. ती मिळते लपणात, म्हणजे पक्षी बघायच्या आडोशात, दोन तास गप्प बसून, पक्षी आपणहून जवळ येईपर्यंत. आणि पक्ष्याला न उठवता, हे पण लिहूनच ठेवतो, कारण त्या दिवशी आमच्या शेजारचे दोघं फोटोसाठी चिखलात पुढे पुढे गेले आणि सगळा थवा उठला, मला फार वाईट वाटलं ते बघून.

तरी मन मानत नव्हतं. मग कॉलेज रोडला एका लॅबमध्ये चार प्रिंट काढल्या, १२ बाय १८, सकाळचेच फोटो, दोन झूमचे दोन पीएफचे, मागे पेन्सिलने बारीक खूण केली आणि बाबांपुढे ठेवल्या. बाबा नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेसमधून रिटायर झाले. पोस्टाची तिकिटं आणि पासपोर्ट छापणारी जागा, त्यांची अख्खी नोकरी छपाई तपासण्यात गेली, अजून त्यांच्या कपाटात भिंग असतं. त्यांनी आधी चष्मा पुसला, मग एकेक प्रिंट खिडकीच्या उजेडात तिरकी धरून बघितली, मग भिंग काढलं. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग दोन प्रिंट वेगळ्या काढल्या आणि म्हणाले, "या दोन्ही एका यंत्राच्या आहेत. काळ्या पिसांची कड बघ, तुटत नाही." उलट्या करून बघितल्या तर दोन्ही पीएफच्या. मला अभिमान पण वाटला आणि जरा धस्स पण झालं, कारण म्हणजे फरक खराच आहे ना.

मी म्हणलं, "म्हणजे बाबा, महागवालीच घ्यायला पाहिजे."

त्यांनी चारही प्रिंट भिंतीला टेकवून उभ्या केल्या, मला दोन पावलं मागे यायला सांगितलं आणि विचारलं, "आता सांग कुठली कुठली." मला नाही सांगता आलं. मग म्हणाले, "तिकिटाला भिंग लावतात कारण ते खोटं आहे का ते बघायचं असतं. तुझ्या बगळ्याला कोण भिंग लावणारे?" आणि मग त्यांनी त्यातली जी प्रिंट हॉलमध्ये लावायला निवडली ती झूमची निघाली, कारण त्यातला बगळा मान वळवून बघतोय आणि मागे धुक्यात होडी आहे.

म्हणजे माझ्या ड्रॉइंगवरचा टॉलरन्स मला तिथे मिळाला. १२ बाय १८, दोन पावलांवरून. वर्षातून पाच-सहा प्रिंट, बाकी सगळं मोबाईलच्या स्क्रीनवर. ज्याला उडते पक्षी हेच काम आहे, जो दिवसभर हातात धरून चालतो, ज्याची पाठ दुखते, ज्याचे फोटो मोठे छापून विकले जातात, त्याने पीएफच घ्यावी असं मी आजही म्हणेन, त्याचे पैसे वाया जाणार नाहीत. माझे गेले असते.

सेकंडहँड घेताना काय बघितलं तेवढं सांगतो, कारण मी एकदा पोळलोय. पहिली टेलिफोटो, म्हणजे लांबचं काढायची लेन्स, घेतली होती ती न तपासताच, फक्त भाव बघून घेतली, पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जांभळी रेघ यायची, आणि नंतर तीच लेन्स एका पावसाळ्यात लेदरच्या केसमध्ये कपाटात ठेवली तर आत बुरशी धरली, कोळ्याच्या जाळ्यासारखी. म्हणून आता मोबाईलचा टॉर्च मागून मारून पुढून तिरकं बघतो, जाळं किंवा धूर दिसला तर लगेच नको म्हणायचं. थोडी धूळ चालते. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा फोटोत सहसा दिसत नाही, मागच्या काचेवरचा मात्र त्रास देतो. मग विटांच्या भिंतीचा समोरासमोर फोटो काढून चारही कोपरे सारखे येतात का बघायचं, एकच कोपरा मऊ असेल तर आतली काच सरकलेली असू शकते, म्हणजे लेन्स कुठेतरी आपटलीये. त्या मुलाने मला सगळं करू दिलं, पाऊण तास लागला, वर चहा पण पाजला.

घरी आल्या आल्या लेन्स हवाबंद डब्यात गेली, सोबत सिलिका जेल आणि एक स्वस्तातला आर्द्रता मीटर, काटा ४५ च्या आसपास ठेवायचा. आईने जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून दिली, त्यात तीन किलो हरभरा भरलाय, गाडीच्या खिडकीवर किंवा लपणाच्या कठड्यावर ठेवली की २३०० ग्रॅम अजिबात हलत नाहीत. उरलेल्या पैशांपैकी काही बँकेतच आहेत, काही पेट्रोलला. मागच्या तीन रविवारी सहाच्या आधी चापडगावला पोचलोय आणि दहाला लेन्स बॅगेत टाकून परत निघालोय. भोवत्याचा उडतानाचा मनासारखा फोटो अजून नाही मिळालाय, गव्हाच्या शेताच्या बाजूने तो रोज साधारण एकाच वाटेने येतो असं तो गाईड म्हणतो, या रविवारी तिथे बसणार आहे.