टोकियोत पसारा टाकायलाही पैसे पडतात

टोकियोत रद्दीवाला ठरल्या दिवशी बेल वाजवत नाही, आणि जुन्या साड्या घेऊन भांडं देणारी बोहारीण तर नाहीच नाही. त्यामुळे घरातली अडगळ काढायची म्हटलं की 'काय काढू?' याआधी 'हे बाहेर कसं जाणार?' हा प्रश्न येतो. इथे आवराआवर उलट्या टोकाने करावी लागते. आधी वस्तू घराबाहेर पडायची तारीख पक्की करायची, मग कपाट उघडायचं. नाहीतर काढलेला ढीग दोन-तीन आठवडे दाराशी पडून राहतो आणि निम्म्या वस्तू 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणत गुपचूप परत आत जातात.

टोकियोच्या 23 वॉर्डांत साधारण नियम असा, की एखादी बाजू 30 सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल तर ती वस्तू 'सोदाई गोमी', म्हणजे मोठा कचरा. शेजारच्या योकोहामात धातूच्या वस्तूला 30 आणि लाकूड-प्लास्टिकला 50 सेंटीमीटर. शहर बदललं की नियम बदलतो, म्हणून मित्राने सांगितलेल्यावर विसंबू नये. मोजपट्टी घेऊन वस्तूची मापं लिहायची, वॉर्डाच्या वेबसाइटवर किंवा फोनवर नोंद करायची. तारीख, फी आणि नोंदणी क्रमांक मिळतो. मग आपल्याच वॉर्डातल्या कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, स्टिकर घ्यायचे. 'ए' 200 येनचा, 'बी' 300 येनचा. फी 800 येन असेल तर एक 'ए' आणि दोन 'बी'. त्यावर नाव किंवा क्रमांक लिहून स्टिकर दिसेल असा चिकटवायचा आणि ठरल्या दिवशी सकाळी 8 च्या आत वस्तू ठरलेल्या जागी ठेवायची.

गडबड होते ती इथेच. नोंद एका खुर्चीची आणि बाहेर ठेवल्या दोन, तर दुसरी तिथेच राहते. मार्चमध्ये घरं बदलायची धांदल असते, कारण शाळा-कंपन्यांचं वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं. डिसेंबरात वर्षअखेरची 'ओसोजी', आपल्या दिवाळीच्या साफसफाईसारखीच. या दोन्ही काळांत जवळच्या तारखा मिळत नाहीत. फेब्रुवारी किंवा ऑक्टोबरात नोंद केलेली बरी.

टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन आणि एसी मात्र सोदाई गोमीत चालतच नाहीत. त्यांच्यासाठी 2001 पासून वेगळा कायदा लागू आहे. ज्या दुकानातून घेतलं, किंवा जिथून नवं घेताय, त्या दुकानाला जुनं परत घ्यावं लागतं. पुनर्वापराची फी आणि वाहतूक आपल्याकडून. भोंगा लावून 'फुकट नेतो' म्हणत फिरणाऱ्या छोट्या ट्रककडे वळू नये. घरचा कचरा उचलायला पालिकेचा परवाना लागतो, तो यांच्याकडे बहुधा नसतो, आणि सामान ट्रकमध्ये चढल्यावर पैसे मागितल्याच्या तक्रारी नेहमीच्या आहेत.

आता काय काढायचं ते. पसारा आटोक्यात ठेवण्याला जपानी भाषेत 'दानशारी' म्हणतात. आपल्या 'दाना'शी त्याचा संबंध नाही. येणारं नाकारणं, असलेलं टाकणं आणि मोह सोडणं अशी ती तीन अक्षरं. तत्त्वज्ञान राहू दे, रोजच्या कामासाठी एकच माप पुरतं: केर काढताना किती वस्तू उचलाव्या किंवा सरकवाव्या लागतात? सहा तातामींची, म्हणजे जमिनीवर सहा गवती चटया मावतील अशी, खोली जेमतेम दहा चौरस मीटरची. तिच्यात जमिनीला टेकलेली प्रत्येक गोष्ट मोजा. चार पायांचं टेबल एक नाही, चार धरा, कारण प्रत्येक पायाभोवती धुळीचं कडं जमतंच. शोकेस तुडुंब भरली असली तरी केर काढायला ती आड येत नाही. आड येतात त्या जमिनीवरच्या पिशव्या, स्टँड, वजनकाटा आणि उलगडून ठेवलेली इस्त्रीची घडवंची. आधी त्या हलवाव्यात.

पुठ्ठ्याचे खोके तातामीवर ठेवणं ही सगळ्यात महाग पडणारी सवय. जून-जुलैच्या पावसात खोक्याखाली ओल अडकते आणि चटईवर बुरशी धरते. भाड्याचं घर सोडताना त्या डागाचे पैसे द्यावे लागू शकतात. झुरळांनाही पुठ्ठा फार आवडतो. खोका रिकामा झाला की त्याच दिवशी मोडून दोरीने बांधावा.

'ओशीइरे' हे भिंतीतलं कपाट आणखी फसवं. आत 80 ते 90 सेंटीमीटर खोल, म्हणून सामान दोन रांगांत लागतं आणि मागची रांग विस्मरणात जाते. खालच्या कप्प्यात चाकांचं रॅक ठेवलं तर एका हाताने अख्खं बाहेर येतं. वरच्या कप्प्यात मागच्या भिंतीपासून पाचेक सेंटीमीटर जागा सोडायची आणि गाद्यांखाली लाकडी पट्ट्यांची जाळी, 'सुनोको', घालायची. सकाळी उठल्या उठल्या गादी आत ढकलू नये. रात्रीचा घाम तिच्यात असतो, तासभर उलटी टाकून मगच घडी घालावी. कोरड्या दिवशी सरकदार दोन्हीकडून थोडं उघडं ठेवलं की हवा खेळते.

नको असलेले कपडे पुनर्वापरासाठी धुऊन, वाळवून पारदर्शक पिशवीत भरून द्यायचे. पावसाच्या दिवशी ठेवू नयेत, भिजले की बुरशी येऊन वाया जातात. चांगल्या वस्तू जुन्या मालाच्या दुकानात विकायच्या तर सहसा ओळखपत्र दाखवावं लागतं, परदेशी रहिवाशांचं रेसिडेन्स कार्ड चालतं. पॉवर बँक आणि लिथियम बॅटऱ्या जळणाऱ्या कचऱ्यात कधीच नाहीत. दाबल्या गेल्या की कचऱ्याची गाडी पेटते.

दारातल्या पारदर्शक छत्र्या तेवढ्या राहिल्या. अवचित पाऊस आला की कोंबिनीतून एक येते, आणि वर्षात सात-आठ होतात. माणशी एक ठेवून बाकीच्या काढाव्यात. छत्री 30 सेंटीमीटरपेक्षा लांब असली तरी बहुतेक वॉर्डांत ती न जळणाऱ्या कचऱ्यात जाते, स्टिकर लागत नाही. फक्त ही गाडी साधारण महिन्यातून दोनदाच येते, तेव्हा तारीख आधी बघून घ्यावी.