मंडळाची सरासरी आणि चुलत्यांचे रान

लातूर जिल्ह्यात माझ्या चुलत्यांची जमीन माळावर आहे, मुरमाड आणि हलकी. एका वर्षी शेंगा भरण्याच्या ऐन दिवसांत पावसाने ओढ दिली आणि त्यांचे सोयाबीन उभ्या उभ्या वाळले. मांजरेकाठच्या काळ्या रानांत मात्र ओल टिकली, त्यामुळे महसूल मंडळाचे (काही गावांच्या गटाचे) सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनाच्या, म्हणजे ज्याखाली सरासरी गेली तरच भरपाई मिळते त्या पातळीच्या, वर राहिले आणि पीकविम्याची भरपाई कोणालाच मिळाली नाही. “रान माझं वाळलं, अन् हिशोब दुसऱ्याच्या रानाचा कसा?” हा चुलत्यांचा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही, कारण त्याचे उत्तर अर्थशास्त्राच्या संशोधनात आहे.

१९७२ मध्ये गुजरातेत कापसासाठी विम्याचा प्रयोग झाला, तेव्हा प्रत्येक शेताचे नुकसान स्वतंत्रपणे मोजले जात होते. हा प्रयोग पुढे इतर काही पिकांत आणि राज्यांतही गेला; १९७८-७९ पर्यंत सगळा मिळून हप्ता सुमारे साडेचार लाख रुपये जमा झाला आणि भरपाई ३७ लाखांहून अधिक द्यावी लागली. ज्याचे पीक जोखमीचे तोच विमा घेतो आणि प्रत्येक बांधावर जाऊन खरेखोटे करणे अशक्य असते, ही त्यातली अडचण होती. पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९७६ मध्ये वेगळा मार्ग मांडला: शेत न मोजता क्षेत्राचे सरासरी उत्पादन मोजावे. १९७९ चा प्रायोगिक विमा, १९८५ ची सर्वंकष योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीकविमा योजना या सर्वांचा पाया हाच विचार आहे. एका अभ्यासकाच्या मांडणीने एवढ्या मोठ्या देशाचे धोरण घडवावे, याचा मला मनापासून आदर वाटतो.

पण दांडेकरांची एक अट होती: क्षेत्र एकजिनसी हवे. माळ आणि नदीकाठ एकाच सरासरीत घालणारे मंडळ एकजिनसी नाही. धोरणाने विचार उचलला आणि अट सैल केली, असे माझे स्पष्ट मत आहे.

सरासरी काढण्याची रीतही संशोधनातूनच आली. यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारख्या, निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा प्लॉट आखून पीक कापायचे, ही पीक कापणी प्रयोगाची पद्धत पां. वा. सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे या संख्याशास्त्रज्ञांनी १९४० च्या दशकात पक्की केली. प्लॉट फार लहान असला तर कडेची रोपे आत धरली जातात आणि उत्पादन फुगून दिसते, हे सुखात्म्यांनी दाखवले होते. विम्यात याचा अर्थ सरळ आहे, आकडा फुगला की भरपाई घटते. म्हणून कापणीच्या दिवशी गावकऱ्यांनी बांधावर हजर राहणे फार महत्त्वाचे आहे.

मग मंडळाऐवजी ग्रामपंचायत हे एकक का नाही? केंद्राच्या मूळ मार्गदर्शक सूचनांत मंडळाला किमान १० पीक कापणी प्रयोग आहेत, तर प्रमुख पिकासाठी ग्रामपंचायतीला ४. एका मंडळात वीस ग्रामपंचायती धरल्या तर १० च्या जागी ८० प्रयोग करावे लागतील आणि ते काढणीच्या मोजक्या दिवसांत उरकावे लागतील. माणसे अपुरी असताना घाईने केलेला प्रयोग वाईट, हे मला मान्य आहे. तरीही जिथे एकाच मंडळात काळी आणि मुरमाड अशी दोन्ही राने आहेत, तिथे निदान जमिनीच्या प्रतीनुसार दोन एकके करावीत. त्यासाठी ८० प्रयोग लागणार नाहीत, २० पुरतील, आणि चुलत्यांच्या रानाचा हिशोब माळावरच्या रानांबरोबरच होईल.