जात्यावर कादंबरी बसत नाही

महिला मंडळात, शाळेच्या बक्षीस समारंभात किंवा वाचनालयाच्या वर्धापनदिनाला पाहुणी म्हणून गेलं की सूत्रसंचालन करणाऱ्या ताई एक वाक्य हमखास म्हणतात. ‘आपल्या बहिणाबाईंनी जात्यावर बसून, शेतात राबून एवढी गाणी रचली, मग आपण वेळ नाही असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?’ टाळ्या पडतात. मीही वाजवते. जळगावात राहून न वाजवून सांगते कोणाला? बहिणाबाईंचं माहेर असोदा इथून रिक्षाच्या अंतरावर.

मनात मात्र दरवेळी येतं, ताई, त्यांनी गाणी रचली. कादंबरी नाही.

हा फरक मला नोकरी, घर आणि लेखन यांच्या ओढाताणीत पुरता कळून चुकला आहे. दळताना हात गुंतलेले असतात, डोकं मोकळं असतं, आणि जात्याला स्वतःचाच ताल असतो. दोन ओळी जुळल्या की दळण सरेपर्यंत त्या तोंडात घोळवायच्या, पाठ होऊन जातात. कागद लागत नाही. कादंबरीला कागद तर लागतोच, शिवाय काल आपण कुठे थांबलो होतो तेही आठवावं लागतं. कोण रुसलंय, कोणी कोणाचे पैसे देणं आहे, म्हातारी कोणत्या खोलीत झोपली आहे. हे सगळं डोक्यात परत मांडेपर्यंत कुकरची तिसरी शिट्टी होते. माझ्या कादंबरीतला शंकर, बंद पडलेल्या कापड गिरणीतला जॉबर म्हणजे मुकादम, गेल्या पावसाळ्यापासून एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर असा उभा होता. त्याला आत घ्यायला मला सलग चार तास हवे होते. दादर ज्वारी हुरड्यावर आली तरी ते मिळाले नाहीत.

बहिणाबाईंच्या गोष्टीतला दुसरा अर्धा भाग तर माइकवर कोणी सांगतच नाही. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ ती गाणी वहीत उतरवून घेत. जेवढी उतरली तेवढी राहिली, बाकीची दळणाबरोबर गेली. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. म्हणजे जात्याशी बसलेल्या बाईइतकंच श्रेय वही घेऊन बसलेल्या पोराला जातं. आमच्या घरी तसं पोर आहे, नववीत. पोळ्या लाटता लाटता मला काही सुचलं तर तिला म्हणते, ‘अगं, एवढं लिहून घे.’ ती मोबाइल समोर धरून म्हणते, ‘बोल, रेकॉर्ड करते.’ नंतर ऐकावं तर लाटण्याचा खडखड, मागे सासूबाईंचं टीव्हीला उद्देशून केलेलं भाषण आणि त्यातून कुठेतरी मी, ‘शंकर म्हणाला... अगं ती पोळी उलट आधी.’

लिहिण्याची माझी खरी जागा म्हणजे गाडी. राहते जळगावात आणि शिकवते अमळनेरच्या बाजूला, कनिष्ठ महाविद्यालयात मराठी. त्यामुळे रोजचं अप-डाऊन. लेडीज डब्यातल्या आमच्या ग्रुपमध्ये कोणी मेथी निवडतं, कोणी वाटाणे सोलतं, एक आरोग्यसेविका ताई दार सोडून कुठेही झोपू शकतात. मी मोबाइलवर टाइप करते. सगळ्यांनी मला समजून घेतलंय. मान खाली घातलेली दिसली की वाटाण्याची पिशवी माझ्या मांडीवर येत नाही, शेजारणीच्या मांडीवर जाते.

पूर्वी या लाइनवर एकच रूळ होता. समोरून मालगाडी यायची असली की आमची गाडी पाळधीला नाही तर धरणगावला क्रॉसिंगसाठी उभी. बायका रेल्वेचा उद्धार करायच्या, वेळेवर मस्टर गाठण्याच्या चिंतेत मीही सूर मिसळायचे; पण त्या उभ्या गाडीत माझ्या बऱ्याच कथांचे शेवट झाले. पुढे २०१८ च्या सुमारास उधना-जळगाव मार्ग दुहेरी झाला. सगळ्यांची सोय झाली, माझी गैरसोय. आता पाळधी जाते तोवर पात्रांची नुसती नावं आठवतात, आणि धरणगावनंतर एखादा परिच्छेद रंगात येतो तेवढ्यात चपला शोधायची वेळ होते. धरणगाव हे बालकवींचं जन्मगाव. त्यांच्या गावावरून रोज दोनदा जाते म्हटल्यावर लोकांना वाटतं, काहीतरी स्फुरत असेल. १९१८ साली भादली स्टेशनावर त्यांना गाडीनेच नेलं. वय अठ्ठावीससुद्धा पुरं नव्हतं. त्या गोष्टीशी मी माझ्या टाइपिंगचा संबंध जोडत नाही.

एवढ्या अंतरात जे मावतं ते मी लिहिते. लेख मावतो. छोटी कथा दोन-तीन खेपांत मावते. पोरांसाठीची अहिराणी गाणी तर उभ्याने, वरची कडी धरूनही होतात. लोक विचारतात, तुम्ही ललित लेखाकडे का वळलात? मी कुठे वळले! रेल्वेने वळवलं.

वर्गात लिहिण्याचं काही होत नाही, पण वर्गाबाहेर जे मिळणार नाही ते तिथे मिळतं. बारावीला उपयोजित मराठीत मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख आहेत. दिवाळीनंतर कापूस वेचणीला निम्मा वर्ग शेतात असतो, म्हणून मी त्या दिवसांत मुलाखत शिकवते. घरच्याच कोणाची तरी मुलाखत घेऊन या म्हणते, म्हणजे गैरहजर पोरंही काहीतरी घेऊन येतात. एकाने वडिलांची घेतली होती. प्रश्न पुस्तकातल्या नमुन्यावरून जसाच्या तसा: ‘आपणास या क्षेत्रात यावेसे का वाटले?’ वडिलांचं उत्तर: ‘दुसरं क्षेत्रच नव्हतं. हे दोन एकरच होतं.’

मी ते वाचून लाल पेन खाली ठेवला. स्टाफरूममध्ये दोघांना वाचून दाखवलं. आणि खरं सांगायचं तर शंकरच्या तोंडी ते वाक्य घालायची फार इच्छा झाली. घातलं नाही. पोरगं उद्या स्वतःच लिहायला बसलं तर त्याला लागेल. शिक्षक असून लेखक असण्यात ही एक पंचाईत आहे, पोरांच्या वह्या तपासताना हात बांधूनच बसावं लागतं.

अमळनेरात शिकवतेस म्हटल्यावर साने गुरुजींचं नाव निघतंच. गुरुजी १९२४ ते १९३० प्रताप हायस्कुलात होते, वसतिगृहही सांभाळायचे. पोरांच्या खोल्या झाडण्यापासून आजारपणापर्यंत सगळं. त्या वर्षांत त्यांनी काय लिहिलं? वसतिगृहातल्या पोरांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक. एका दिवसात सुरू होऊन त्याच दिवसात संपणारं. आणि ‘श्यामची आई’ कुठे लिहिली? नाशिकच्या तुरुंगात, १९३३ च्या फेब्रुवारीत, चार-पाच दिवसांत. माझा मुद्दा याहून सोप्या शब्दांत मांडता येणार नाही. नोकरीत होते तेव्हा रोजचं दैनिक, बाहेर पडले तेव्हा पुस्तक. वेळ ज्या मापाची मिळते त्या मापाचंच लिहिणं होतं, माणूस कितीही मोठा असो. आमच्या मराठी विभागात हा सिद्धांत मांडला, तर ज्येष्ठ सर म्हणाले, ‘मॅडम, मग तुम्ही आंदोलन करा. आत टाकतील.’ जुन्या पेन्शनसाठी करून पाहिलं. नुसते फोटो काढून सोडून दिलं.

राहता राहिली मे महिन्याची सुट्टी. जून ते मार्च मी कादंबरीच्या नावाने हेच म्हणत असते, मेमध्ये बघू. शहरातल्या लेखकांना मे म्हणजे काय वाटत असेल कोण जाणे. आमच्याकडे मे म्हणजे पंचेचाळीस अंश, बारावीच्या पेपरांचे गठ्ठे नुकते हातावेगळे झालेले, आणि घरात वाळवणाची धामधूम. पापड, कुरडया, शेवया आणि सगळ्यांचा बाप म्हणजे बिबडे. ज्वारी भिजवायची, दळायची, पहाटे चारला मोठ्या पातेल्यात घाटा शिजायला लावायचा आणि ऊन चढायच्या आत गच्चीवर कापड अंथरून थापून मोकळं व्हायचं. घाटा हाटायला दोघी लागतात. मी आणि सासूबाई. मध्येच अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते. नणंदा माहेरी, झोके, खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस. माझ्या माहेरी चोपड्याला आई वाट बघते. ती फोनवर कधीच ‘ये’ म्हणत नाही. ‘आंबे उतरले’ एवढंच म्हणते. मग जावं लागतंच.

गेल्या मेमध्ये घाटा हाटताना मी काहीतरी पुटपुटत होते. सासूबाईंनी विचारलं, ‘काय बोली ऱ्हायनी व माय?’ मी म्हटलं, गाणं जुळवतेय, बिबड्यांचं, लहान पोरांसाठी. त्यांनी पळी हातातून घेतली, माझी ओळ तोंडात धरून पाहिली, मान हलवली आणि एक शब्द बदलला. पुढची ओळ त्यांनीच घातली. तिसरी पुन्हा मी. तेवढ्यात पातेल्यात गुठळ्या झाल्या म्हणून दोघींनी नणंदेची बोलणी खाल्ली. ते गाणं आता आमच्या भागातल्या दोन अंगणवाड्यांत म्हटलं जातं, खाली माझं नाव आहे. सासूबाईंना सांगितलं, तुमचंही घालते. तर म्हणाल्या, ‘नाव नको, पन मन्ही गोट तुन्हा त्या पुस्तकमा लिखू नको.’ कादंबरीतली म्हातारी कोण आहे हे त्यांना कळलंय. कुणी सांगितलं, याचा मला संशय आहे, नववीतल्या रेकॉर्डिंगवाल्या पोरीवर.

म्हणजे बघा, बिबड्यांच्या घाट्यावर गाणं होतं, तेही दोघींचं मिळून. तिथवर सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. तिथेच मी शंकरला उंबऱ्यातून आत आणायचा प्रयत्न केला असता तर गुठळ्या आणखी झाल्या असत्या आणि शंकरही करपला असता.

घरचे आड येतात असं मला म्हणायचं नाही. नवऱ्याचं बी-बियाणांचं दुकान आहे, जूनमध्ये तो मला ओळखतही नाही आणि डिसेंबरात मीच त्याला सांगते, आज बोलू नकोस. कापसाच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजून भरताचा बेत असला की तो दहा माणसांना बोलावतो. पण तेव्हा आग तो, वांगी तो, सोलणंही तो. फक्त कळण्याच्या भाकरी माझ्याकडे. त्या रात्री काही लिहून होत नाही, आणि लिहून व्हावं असं वाटतही नाही. पुस्तकासाठी सगळं बाजूला ठेवून बसणाऱ्या लोकांबद्दल मला आदर आहे. त्यांच्या घरच्यांबद्दल जास्त.

यंदा मात्र मी ठरवलं होतं. कादंबरीचे तुकडे पाडायचे. एकेक प्रकरण असं, की जळगावला चढल्यावर सुरू व्हावं आणि उतरेपर्यंत संपावं, मागचं काही आठवायची गरज नको. शंकरचं एक, त्याच्या बायकोचं एक, गिरणीच्या भोंग्याचं एक. अशी कादंबरी कादंबरी राहील का, हे समीक्षक बघतील. पहिली तीन प्रकरणं झालीही, आणि शंकर चक्क उंबऱ्याच्या आत आला. आत येऊन चहा मागतोय, तर एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन. ‘मॅडम, ललित लेख हवाय. पंधराशे शब्द. जुलैअखेर.’

मी हो म्हणून टाकलं. पंधराशे शब्द म्हणजे आठवडाभराच्या खेपा. मालगाड्यांनी साथ दिली तर त्याच्याही आधी.