मुलांना हाताने काढलेलेच चित्रपट का दाखवतो?

माझ्या चित्रकलेच्या वर्गात येणाऱ्या मुलांचे पालक मला नेहमी विचारतात की, संगणकावर केलेले इतके सफाईदार चित्रपट असताना मी हरणाच्या पाडसाची गोष्ट सांगणारा, हाताने काढलेला, ८० वर्षांहून जुना ‘बॅम्बी’ का दाखवतो. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हाताने काढलेल्या चित्रपटांची गोडी टिकते ती त्यांच्यामागच्या निरखण्यामुळे, असे माझे ठाम मत आहे. १९४२ साली प्रदर्शित झालेल्या या चित्रपटासाठी डिस्नेच्या स्टुडिओत हरणाची दोन जिवंत पाडसे आणली होती आणि रिको लब्रन हे चित्रकार तिथल्या कलावंतांना प्राण्यांची शरीररचना शिकवत असत. गोठलेल्या तळ्यावरचा प्रसंग मी मुलांना थांबवून थांबवून दाखवतो. बॅम्बीचे पाय चार दिशांना फाकतात, मागची बाजू सावरावी तर पुढचे पाय सटकतात, आणि तरीही प्रत्येक सांधा जिथे दुमडायला हवा तिथेच दुमडतो. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे फ्रेम्स, लागतात. एकेक चित्र दोन चौकटींना पुरवले तरी एका पात्राच्या मिनिटभराच्या हालचालीसाठी ७२० चित्रे होतात, आणि त्यांतली प्रत्येक रेघ कोणीतरी विचार करून ओढलेली असते.

जंगलाचे श्रेय मात्र टायरस वाँग यांचे. चीनमध्ये जन्मलेले आणि लहानपणी अमेरिकेत आलेले वाँग स्टुडिओत इनबिट्वीनर होते, म्हणजे हालचालीतल्या मुख्य चित्रांच्या मधली चित्रे काढणे हे त्यांचे काम. आधी तयार झालेल्या दृश्यांत पान न् पान रेखाटलेले असल्यामुळे हरणे त्यात हरवून जात होती; वाँग यांनी सुंग राजघराण्याच्या काळातल्या चिनी निसर्गचित्रांच्या वळणाने धुके, उजेड आणि मोजकी झाडे एवढ्यावरच अख्खे रान उभे केले. काय गाळायचे हे कळणे ही चित्रकाराची खरी परीक्षा असते. चित्रपटाचे सारे रूप ज्यांनी ठरवले, त्यांचे नाव श्रेयनामावलीत केवळ पार्श्वभूमी रंगवणाऱ्यांमध्ये यावे, याची मला आजही खंत वाटते.

हा वारसा आपल्या मुंबईपर्यंतही पोहोचला आहे. ‘बॅम्बी’वर काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले, भारतीय अ‍ॅनिमेशनकार राम मोहन त्यांच्या हाताखाली तयार झाले, आणि १९५७ साली तिथे जातककथेवर ‘द बॅनियन डिअर’ हा लघुपट झाला. त्यातही हरणेच आहेत.

राहिली तुमची दुसरी शंका, बॅम्बीची आई मरते तो भाग लहानग्यांना झेपेल का, ही. तिथे फक्त बंदुकीचा आवाज ऐकू येतो. आईचे मरण पडद्यावर दिसत नाही, दिसतो तो बर्फ पडत असताना आईला हाका मारणारा बॅम्बी. तो भाग पुढे ढकलू नका. मुलाजवळ बसून पाहा आणि त्याने काही विचारले, तर चित्रपट थांबवून खरे उत्तर द्या.